राक्षस कोणास म्हणावें?

अद्भुत कथा आणि तसलेच चित्रपट ह्यांविषयीं वडील मंडळींचें मत फारसें अनुकूल नसतें. परग्रहावरून उतरणारे प्राणी, बोलणारीं माकडें, थडग्यांतून उठून चालूं लागणारीं प्रेतें, हें सारें रिकामटेकड्यांचें मनोरंजन होय. त्यापेक्षां चरित्रें वाचावीं, इतिहास वाचावा, असा उपदेश आम्हांस लहानपणीं झाला, व तोच आम्ही पुढल्या पिढीस करीत असतों. ह्या उपदेशांत मुळींच तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु माणसानें माणसाचा केवळ कातडीच्या रंगावरून किंवा वंशावरून तिरस्कार करावा, हा जो आधुनिक समाजाचा जुनाट रोग, त्याचें निदान कित्येकदां ह्या चमत्कारिक कथांनींच अधिक नेमकें केलें आहे. आणि कित्येकदां ह्याच कथांनीं तो रोग पसरविलाहि आहे. यास्तव त्या टाकून न देतां पारखून कशा वाचाव्या, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

कोणी विचारील कीं, वर्णद्वेष वाईट हें सरळ सांगतां येत असतां त्यासाठीं मंगळावरच्या प्राण्यांची आवश्यकता काय? ह्याचें उत्तर आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असलेल्या एका गोष्टींत आहे. दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत ज्यांनीं प्रथम ऐकला, ते लोक शोमरोनी जातीस तुच्छ लेखीत असत. 'शोमरोन्यांस तुच्छ लेखूं नका' असें त्यांस उघड बजावलें असतें, तर त्यांनीं मान हलविली असती व घरीं जाऊन ते पहिल्यासारखेच वागले असते. गोष्टीनें मात्र त्यांस आधीं लुटल्या गेलेल्या वाटसरूच्या शेजारीं धुळींत बसविलें, आणि मग मदतीस कोण येतो व कोण बाजूनें निघून जातो तें दाखविलें. उपदेश ऐकतांना माणूस सावध असतो. गोष्ट ऐकतांना तो तितका सावध राहत नाहीं.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स ह्यानें १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ह्या कादंबरींत हीच युक्ति योजिली. मंगळावरील प्राणी प्रचंड यंत्रें घेऊन इंग्लंडांत उतरतात आणि लंडनचे लोक मेंढरांसारखे पळत सुटतात. हे प्राणी किती निर्दय, असा उद्गार वाचकाच्या तोंडून निघण्यापूर्वींच वेल्सनें पहिल्या प्रकरणांत त्यास टास्मानिया बेटाची आठवण करून दिली आहे. तेथील मूळच्या रहिवाशांचा युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं पन्नास वर्षांत कसा संहार केला, तें तो सांगतो. (तो वंश अगदीं नामशेष झाला असें वेल्सला वाटत होतें, त्याचे वंशज आजहि टास्मानियांत आहेत.) साम्राज्य ऐन भरांत असतां इंग्रज वाचकास कांहीं तास पराजितांच्या रांगेंत उभें करणें हें निबंधकारास साधलें नसतें.

झेक लेखक कारेल चापेक ह्याची गोष्ट याहून तिखट आहे. 'रोबो' हा शब्द जगास ज्याच्या नाटकानें दिला, तोच हा. १९३६ सालच्या त्याच्या कादंबरींत सुमात्रा बेटाजवळच्या समुद्रांत बुद्धिमान सॅलमँडर सांपडतात. पालीसारखे हे जलचर प्राणी बोलावयास व हत्यारें वापरावयास शिकतात. प्रथम त्यांजकडून मोतीं काढून घेतलीं जातात, मग त्यांची प्रतवारी लावून बाजारांत घाऊक विक्री होऊं लागते. हें सारें चाललें असतां एक जर्मन पंडित पुढें येतो आणि बाल्टिक समुद्रांतील सॅलमँडर हा इतर सर्व सॅलमँडरांहून श्रेष्ठ, शुद्ध व उत्तरेकडील कुळांतला आहे असें शास्त्राधारें प्रतिपादन करतो! वाचतांना हंसूं येतें. परंतु हिटलरच्या राज्यांत ज्यू लोकांचें नागरिकत्व हिरावून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे आदल्याच वर्षीं, १९३५ सालीं, झालेले होते. चापेक १९३८ च्या नाताळच्या दिवशीं वारला. त्याचा भाऊ योझेफ ह्यास नात्झी लोकांनीं पकडून नेलें व १९४५ सालीं त्याचा बेर्गेन-बेल्सेनच्या छावणींत अंत झाला.

ह्या दोन्हींपेक्षां माझ्या मनांत अधिक खोल जाऊन बसलेली कथा मात्र अवघ्या कांहीं पानांची आहे. अमेरिकेंतील थोर कृष्णवर्णी विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्यांनीं १९२० सालच्या आपल्या 'डार्कवॉटर' ह्या पुस्तकांत ती घातली. तिचें नांव 'द कॉमेट', म्हणजे धूमकेतु. जिम नांवाचा एक कृष्णवर्णी मनुष्य न्यूयॉर्कच्या एका पेढींत निरोप्याचें काम करीत असतो. तळघराच्याहि खालीं, जेथें वरच्या मंडळींपैकीं कोणी जाऊं इच्छीत नाहीं, अशा कोठडींत त्याला जुनीं दप्तरें आणण्यास धाडलेलें असतें. एवढ्यांत धूमकेतूच्या विषारी वायूनें वरचें शहर मरून जातें. हलकें काम वांट्यास आलें म्हणूनच तो वांचतो! बाहेर येऊन तो प्रेतांनीं भरलेल्या रस्त्यांतून फिरतो, भूक लागली म्हणून एका बड्या उपाहारगृहांत शिरतो, आणि काल आपणांस येथें कोणी वाढलें नसतें असा विचार त्याच्या मनांत येतो. पुढें एक श्रीमंत गौरवर्णी तरुणी त्याला जिवंत आढळते. जगांत आपण दोघेंच उरलों अशा समजुतीनें तीं शहरभर हिंडतात, आणि हळूहळू तिच्या दृष्टीपुढला त्याचा रंग विरत जाऊन तेथें नुसता एक माणूस उरतो.

इतक्यांत मोटारीचा कर्णा वाजतो. मुलीचा बाप येऊन पोंचतो. मेलें तें केवळ न्यूयॉर्क, बाकीचें जग जागच्या जागीं आहे, असें कळतें. जग परत आलें त्याबरोबर रंगहि परत येतो. जमलेल्या गर्दींत कोणी तरी जिमला जीवें मारण्याचीहि भाषा काढतो. मुलीस वांचविलें हा त्याचा अपराध क्षम्य आहे कीं नाहीं, एवढाच काय तो प्रश्न. अखेर जिमची बायको गर्दींतून वाट काढीत येते, तिच्या हातांत त्यांच्या तान्ह्या मुलाचें प्रेत असतें. वर्णभेद हा निसर्गाचा नियम असता, तर दोघेंच उरलीं असतांहि तो उरला असता. तो दिसेनासा होण्यास सबंध शहर मरावें लागलें, आणि परत येण्यास चार माणसें पुरलीं.

आतां एका चित्रकथेविषयीं. १९५३ सालीं अमेरिकेंत 'वीअर्ड फँटसी' नांवाच्या स्वस्त मासिकांत 'जजमेंट डे' ही सात-आठ पानांची कथा आली. पृथ्वीवरील एक अधिकारी यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करण्यास जातो. त्या ग्रहास विश्वाच्या महासंघांत प्रवेश द्यावयाचा कीं नाहीं, हें त्यानें ठरवावयाचें असतें. तेथें नारिंगी यंत्रमानव व निळे यंत्रमानव असे दोन वर्ग. कारखान्यांत तो पाहतो तों दोघांचे आंतले भाग एकच. वरचें आवरण तेवढें निराळें. तथापि निळ्यांची वस्ती वेगळी, कामें हलकीं, शिक्षण निराळें. अधिकारी प्रवेश नाकारून परत निघतो, आणि शेवटच्या चित्रांत प्रथमच शिरस्त्राण काढतो. तो स्वतः कृष्णवर्णी आहे.

ह्या कथेची पुढील हकीकत कथेइतकीच बोलकी आहे. १९५६ सालीं ती पुनः छापावयाची होती. तोंपर्यंत चित्रकथांवर देखरेख करणारें एक मंडळ स्थापन झालें होतें. मंडळाच्या परीक्षकानें आज्ञा केली कीं, तो अधिकारी कृष्णवर्णी असतां कामा नये. नारिंगी-निळ्या यंत्रांविषयीं त्याची कांहीं तक्रार नव्हती. ती त्या एका माणसाविषयीं होती! प्रकाशक विल्यम गेन्स ह्यानें तें साफ नाकारलें व चित्र जसेंच्या तसें छापलें. कोणती कथा नुसती गोड आहे व कोणती झोंबणारी, हें ओळखण्याची मला ह्यापेक्षां चांगली कसोटी ठाऊक नाहीं. रूपक जोंवर रूपक असतें तोंवर कोणीच हरकत घेत नाहीं.

अशाच वळणाचा एक प्रसंग १९६९ च्या जानेवारींत 'स्टार ट्रेक' ह्या दूरचित्रवाणीवरील मालिकेंत दाखविला गेला. दोन परग्रहवासी एकमेकांचे हाडवैरी असतात. दोघांचेहि चेहरे मध्यावर दुभागलेले, अर्धे काळे व अर्धे पांढरे. पृथ्वीवरच्या माणसांस वैराचें कारणच समजत नाहीं, तेव्हां त्यांतील एक चिडून सांगतो कीं, मी उजवीकडून काळा आहें, आणि तो डावीकडून! दोघे आपल्या ग्रहावर परततात तों ह्याच भांडणांत तेथील सारी प्रजा नष्ट झालेली असते. कथा जरा बटबटीत आहे हें खरें. परंतु तिचा पाया बिनचूक आहे: द्वेषाच्या मुळाशीं उकरून पाहावें तों तेथें कांहींच सांपडत नाहीं.

येथेंच माझा मुख्य आक्षेप सांगून टाकतों. वर्णद्वेषाचा धिक्कार करणाऱ्या म्हणून ज्या कथा आज अतिशय लोकप्रिय आहेत, त्यांपैकीं बऱ्याच ह्या पायावर उभ्या नाहींत. १९६३ सालीं स्टॅन ली व जॅक कर्बी ह्यांनीं निर्माण केलेल्या 'एक्स-मेन' ह्यांचेंच उदाहरण घ्या. जन्मतःच निराळ्या निपजलेल्या ह्या तरुणांचा समाज द्वेष करतो, आणि वाचकाची सहानुभूति त्यांजकडे ओढली जाते. हेतु उत्तमच आहे. परंतु ह्या तरुणांपैकीं एकाच्या डोळ्यांतून भिंत फोडणारा किरण निघतो, दुसरा परक्याच्या मनांत शिरूं शकतो, आणि त्यांचा प्रतिपक्षी तर लोखंडाचे पूल उचलतो. अशांची शेजाऱ्यापाजाऱ्यांस भीति वाटली, तर ती निराधार म्हणतां येईल काय? खऱ्या जगांत ज्यांचा द्वेष झाला, त्यांच्या डोळ्यांतून कांहीं निघत नव्हतें. ते नळावर पाणी पिण्यास, शाळेंत बसण्यास, मोटारींत पुढल्या बांकावर बसण्यास मागत होते. भीति खरी असून ती आवरावी, असें सांगणारी कथा दयेचा पाठ देत असेल. परंतु भीति खोटी होती, हें ती सांगत नाहीं. किंबहुना द्वेष करणाऱ्याचा निम्मा दावा ती न मागतां मान्य करते.

१९६८ सालीं जॉर्ज रोमेरो ह्या दिग्दर्शकानें पिट्सबर्गच्या आसपास थोडक्या पैशांत काढलेला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट ह्याच्या अगदीं उलट वाटेनें जातो. प्रेतें उठून माणसें खाऊं लागतात. एका घरांत अडकलेल्या कांहीं जणांना बेन हा कृष्णवर्णी तरुण धीर देतो. रात्रभर प्रेतांशीं झुंजून तो एकटाच वांचतो. सकाळीं बंदुकवाले नागरिक गांवोगांव साफसफाई करीत येतात, खिडकींतून त्याची आकृति पाहतात आणि गोळी घालतात. मग आंकड्यांनीं ओढून त्याला प्रेतांच्या ढिगांत जाळतात. रंगाचा एकहि उल्लेख सबंध चित्रपटांत नाहीं. ती भूमिका मुळांत कृष्णवर्णीयासाठीं लिहिलेलीच नव्हती, परीक्षेंत ड्वेन जोन्स हा नट सर्वांत सरस ठरला म्हणून त्यास घेतलें, असें रोमेरो सांगत असे. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा त्याच वर्षीं ४ एप्रिल रोजीं खून झाला होता. त्या वर्षीं तें शेवटचें दृश्य पाहणाऱ्यांस भाष्याची जरूर पडली नसावी.

ह्यानंतर दक्षिण आफ्रिकेंतील 'डिस्ट्रिक्ट ९' ह्या २००९ सालच्या चित्रपटाकडे वळतों. कारण गुण व दोष दोन्ही एकत्र पाहावयाचे तर तो पाहावा. केप टाउन शहरांत 'डिस्ट्रिक्ट सिक्स' नांवाचा मोहल्ला होता. १९६६ सालीं सरकारनें तो गोऱ्यांसाठीं राखून ठेवल्याचें जाहीर केलें, आणि पुढील वर्षांत ६०,००० हून अधिक लोकांस तेथून हुसकून दूरच्या माळावर नेऊन टाकलें. नील ब्लॉमकॅम्प ह्या दिग्दर्शकानें चित्रपटाचें नांव घेतलें तें ह्यावरूनच. परग्रहवासियांचें बिघडलेलें जहाज जोहान्सबर्गवर येऊन अडकतें. त्यांतील झिंग्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांस पत्र्याच्या झोंपड्यांत कोंबलें जातें. आणि पुढें विकस नांवाचा एक हंसतमुख कारकून हातांत कागद घेऊन त्यांस हुसकण्यास निघतो. मला ह्या चित्रपटांत सर्वांत भयंकर वाटला तो हाच कारकून. तो दुष्ट नाहीं. तो दार ठोठावतो, सही मागतो, सही न दिल्यास कायद्याचें कलम सांगतो. वर्णभेदाचें राज्य क्रूर शिपायांपेक्षां अशा सुस्वभावी कारकुनांनींच अधिक चालविलें, हें मी इतिहासाच्या पुस्तकांत वाचलें होतें. पडद्यावर तें प्रथम पाहिलें.

परंतु ह्याच चित्रपटांत नायजेरियन लोक येतात ते कसे? गुंड, जादूटोणा करणारे, आणि शक्ति मिळावी म्हणून परग्रहवासियांचें मांस खाणारे. काल्पनिक प्राण्यांस न्याय द्यावा म्हणून जिवंत माणसांस राक्षस केलें! नायजेरियाच्या माहितीमंत्री डोरा अकुन्यिली ह्यांनीं आपल्या देशांत ह्या चित्रपटाचे खेळ बंद करण्यास सांगितलें. बंदीचा मार्ग मला पसंत नाहीं, पण त्यांचा संताप मी समजूं शकतों.

मांसभक्षणाचा हा आरोप केवळ पडद्यापुरता आहे असें मानून आपण निश्चिंत राहिलों असतों, तर बरें झालें असतें. २०१७ सालच्या मार्च महिन्यांत दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथें एक शाळकरी मुलगा बेपत्ता झाला व पुढें मरण पावला. शेजारीं राहणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्यांनीं त्याला खाल्लें, अशी आवई उठली. लोक त्यांच्या घरांत शिरून झडती घेऊं लागले. कांहीं दिवसांनीं, ह्या प्रकरणाशीं कसलाहि संबंध नसलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांस जमावानें बाजारांत गांठून मारहाण केली. हे विद्यार्थी आपल्या देशांत शिकावयास आले होते. माणसें खाणारा काळा राक्षस त्यांनीं आपल्याबरोबर आणला नव्हता. तो आपल्याच डोक्यांत कोठून तरी येऊन बसलेला होता, आणि बेपत्ता मुलाची बातमी कानीं पडतांच तो जागा झाला.

तो कोठून आला, ह्याविषयीं १८७३ सालींच एका मराठी ग्रंथकारानें विचार करून ठेविला आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्या ग्रंथाचा मोठा भाग मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन अशा अद्भुत कथांच्या वाचनासच वाहिलेला आहे, हें फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं. ह्या कथा जिंकणाऱ्यांनीं रचल्या. जे हरले ते त्यांत असुर व राक्षस झाले. राक्षस म्हणजे मुळांत भूमीचे रक्षक, असें जोतीरावांचें म्हणणें. त्यांच्या व्युत्पत्ति व इतिहास भाषापंडितांस मान्य होतील असें नाहीं. परंतु कथेंतील राक्षसाकडे पाहून 'हा असा आहे, असें सांगतो कोण?' हा जो प्रश्न त्यांनीं विचारला, तो किंग काँगच्या चित्रपटासहि विचारतां येतो आणि आपल्या शाळेच्या रंगभूमीसहि.

नायकाच्या बाबतींतहि तीच गोष्ट. अर्सुला ले ग्विन ह्या अमेरिकन लेखिकेनें १९६८ सालीं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही जादूगाराची कादंबरी लिहिली. तिचा नायक तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, आणि गोरे लोक त्या जगांत लुटारू म्हणून येतात. वाचक नायकावर पुरता लोभ जडवून बसला कीं मग त्याचा रंग त्याच्या ध्यानांत यावा, अशी तिची योजना होती. २००४ सालीं त्याच कथेची दूरचित्रवाणीवर मालिका झाली, तेव्हां नायक गोरा करण्यांत आला. लेखिकेनें जाहीरपणें निषेध केला. परंतु मालिका होऊन गेली होती.

अमेरिकेस नांवें ठेवणें सोपें आहे. मी ज्या शाळेंत लहानपणीं शिकलों, तेथें दरवर्षीं स्नेहसंमेलनांत एक पौराणिक नाटक होत असे. पात्रें ठरविण्याच्या दिवशीं गुरुजी वर्गावरून नजर फिरवीत, आणि राक्षसाच्या कामासाठीं ती नेहमीं एकाच मुलावर येऊन थांबे. तो माझ्या शेजारीं बसत असे. अंगानें किरकोळ, आवाज कोंवळा, पाठांतर उत्तम. रंग सोडला तर राक्षसाचें त्याच्यांत कांहींहि नव्हतें. "तुला काजळ फांसायला नको, तेवढाच खर्च वांचला," असें गुरुजी म्हणत, आणि वर्ग हंसे. एके वर्षीं त्यानें कोणी न सांगतां रामाचें सबंध काम पाठ केलें. ज्या रामाला आमचे सारे संतकवि सांवळा म्हणतात, त्या रामाचें. शाळेंतून घरीं जातांना तो मला तीं भाषणें म्हणून दाखवी, म्हणून हें मला ठाऊक होतें. निवडीच्या दिवशीं तो आपण होऊन उभा राहिला. गुरुजींनीं त्याच्याकडे पाहिलें आणि नेहमींचें वाक्य उच्चारलें. वर्ग हंसला, मीहि हंसलों. तो खालीं बसला, आणि माझ्याकडे न पाहतां त्यानें वहींत राक्षसाचीं भाषणें उतरून घ्यावयास सुरुवात केली.